आईसाठी काय बरं: पेठेतलं घर, जुळे सोलापूर की पुणे?

वडील गेल्यावर आमच्यापुढे तीन वाटा होत्या. आईनं सोलापुरातल्या पेठेतल्या जुन्या घरी एकटं राहायचं, जुळे सोलापुरात, म्हणजे शहराच्या नव्या वस्तीत, छोटा फ्लॅट घ्यायचा, नाहीतर आमच्याकडे पुण्याला यायचं.

पुण्याचं आधी उरकतो. नातवंडं आहेत, दवाखाना जवळ आहे. पण आम्ही नवरा-बायको सकाळी बाहेर पडतो ते दिवेलागणीला परततो. म्हणजे इथंही ती एकटीच, वर दारात ओळखीचं कुणी नाही. ज्यांच्या घरी दुपारी माणूस असतं, त्यांचा हिशेब वेगळा निघेल.

पेठेतल्या घराला तोड नाही. शेजारच्या अक्कांशी अर्धं कानडी, अर्धं मराठी चालूच असतं. मंगळवार बाजार चालत गाठता येतो. किराणावाला एका फोनवर पिशवी पाठवतो. पण गाडं अडलं ते पाण्यावर. उजनी धरण भरलेलं असलं तरी आमच्या नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, आणि वेळेचा भरवसा नाही. आई रात्री तोटी उघडी ठेवून खाली पातेलं पालथं घालायची, पाणी सुटलं की आवाजानं जाग यावी म्हणून. मग मोटार लावा, हौद भरा, बॅरल भरा, पिण्याच्या घागरी वेगळ्या. हे सगळं अपरात्री, ओल्या शहाबादीवर, दुखऱ्या गुडघ्यांनी. पाणी भरायला बाई ठेवून पाहिली, पण रात्री दोनला कोण येणार?

फ्लॅटमध्ये मोटार वॉचमन लावतो. एवढ्या एका गोष्टीवर माझं मन तिकडं झुकलं. मेंटेनन्स आहे, दारं बंद असतात, वरच्या मजल्यावर एप्रिल-मे नकोसा होतो, लाइट गेली की लिफ्टचा प्रश्न. म्हणून पहिला मजलाच बघावा, असं मला वाटतं.

अर्थात आधी एकटं राहणं झेपतंय का, ते पाहा. वय विचारू नका. फ्रिजमध्ये आंबलेलं काही पडलंय का, लाइटबिल थकलंय का, गोळ्यांच्या पट्टीत वारांचा मेळ बसतो का, ते बघा. डॉक्टर खुर्चीतून उठवून तीन मीटर चालवतात, परत येऊन बसायला सांगतात. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. गॅस चालू राहायला लागला किंवा माणूस बाथरूममध्ये पडायला लागलं, तर फ्लॅटही नको. तेव्हा मी पुणंच म्हणेन, आणि दुपारपुरती बाई ठेवेन.