बॅरी सँडर्स की एमिट स्मिथ, आधी कोणाचं करियर बघायचं?

अमेरिकन फुटबॉल नवीन बघायला लागलात, रनिंग बॅक, म्हणजे बॉल हातात घेऊन पुढे पळणारा खेळाडू, नीट समजून घ्यायचाय आणि जुने सामने बघायला वेळ थोडाच आहे, तर प्रश्न शेवटी या दोघांवर येतोच. दोघंही 90 च्या दशकातले, बॅरी 1989 ला डेट्रॉईट लायन्समध्ये आला आणि एमिट 1990 ला डॅलस काउबॉईजमध्ये. 1991 च्या सीझनला बॉल घेऊन पळत कापलेलं अंतर एमिटचं 1563 यार्ड आणि बॅरीचं 1548, म्हणजे फरक फक्त 15 यार्डांचा! सीझनमधल्या सगळ्यात जास्त यार्डांचा मान दोघांनी चार-चार वेळा मिळवलाय.

बॅरी बुटका, उंची 5 फूट 8 इंच, पण एकदा का पाय वळवला की पकडायला आलेला माणूस हवेलाच मिठी मारतो. 1997 ला पहिल्या दोन सामन्यांत मिळून जेमतेम 53 यार्ड, आणि मग सलग 14 सामन्यांत शंभरच्या वर, सीझन संपला 2053 वर. टचडाऊन झाला, म्हणजे बॉल शेवटच्या रेषेपलीकडे नेला, की नाच नाही काही नाही, शांतपणे बॉल रेफ्रीच्या हातात. पण त्याच्या खेळात धोका पण तेवढाच, मागे पळून वाट शोधायला जायचा आणि तिथेच अडकायचा. 1994 च्या सीझनच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, ग्रीन बेविरुद्ध 13 वेळा बॉल घेऊन एकूण उणे 1 यार्ड.

एमिटचं तसं नाही. तो फार वेगवान नव्हता, पण समोरच्यांना अडवणारे पुढचे ब्लॉकर कधी फट उघडतील याची वाट बघायचा आणि बरोबर त्याच क्षणी घुसायचा, चार यार्ड, पाच यार्ड, परत चार. डॅलसच्या या ब्लॉकरांची लाइन जबरदस्त होती म्हणून त्याचं नाव झालं असं लोक म्हणतात, मला ते अर्धंच पटतं. 1993 ला कराराच्या वादामुळे तो पहिले दोन सामने खेळला नाही, लाइन तीच होती आणि डॅलस दोन्ही हरलं. तो आला आणि त्याच सीझनला डॅलसने सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकली.

आकडे बघितले तर बॅरी 10 सीझन, 15269 यार्ड, बॉल घेऊन पळाला की दर वेळी सरासरी 5.0 यार्ड, आणि एमिट 15 सीझन, 18355 यार्ड, दर वेळी सरासरी 4.2. एमिटचे तीन सुपर बोल, बॅरीचा प्लेऑफमध्ये एकच विजय, तोसुद्धा डॅलसविरुद्ध, 38-6. आधीच्या पिढीतला रनिंग बॅक वॉल्टर पेटन याचा करियरमधल्या सगळ्यात जास्त यार्डांचा विक्रम फक्त 1457 यार्ड दूर असताना बॅरीने 1999 ला आपल्या गावच्या पेपरला फॅक्स पाठवून खेळ सोडला. तो विक्रम शेवटी 2002 ला एमिटने मोडला.

तोंडात बोट घालायला लावणारा खेळ बघायचा असेल तर बॅरीच, त्यात वादच नाही. पण हे काम शरीराकडून काय मागतं ते कळायला हवं असेल तर मी एमिटपासून सुरुवात करा म्हणेन, आणि तेही 2 जानेवारी 1994 च्या जायंट्सविरुद्धच्या सामन्यापासून. पहिल्या हाफमध्येच उजवा खांदा निखळलेला, तरी तो बॉल घेत राहिला, 32 वेळा पळाला, 168 यार्ड, वर 10 पास कॅच केले. ओव्हरटाइममध्ये डॅलस 16-13 ने जिंकलं. प्रत्येक वेळी पळून पडल्यावर तो उठतो कसा, ते बघा.