दोन महायुद्धांमधली इंग्रजी सुट्टी बघायची, तर ब्लॅकपूल की एडेल?

मँचेस्टरला मुलाकडे किंवा बहिणीकडे आलात, लेक डिस्ट्रिक्ट आणि फुटबॉलचं स्टेडियम उरकलंय आणि हातात अजून एक शनिवार-रविवार आहे, असं धरून लिहितोय. १९१९ ते १९३९ या वीस वर्षांत इंग्लंडचा कष्टकरी माणूस सुट्टी मिळाली की कुठे पळायचा, हे ज्यांना पुस्तकातून ठाऊक आहे आणि आता जागेवर जाऊन बघायचंय, त्यांच्यापुढे या भागात खऱ्या अर्थाने दोनच पर्याय उरतात. समुद्रावरचं ब्लॅकपूल, नाहीतर पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरातलं एडेल. दोन्हीकडे मँचेस्टरहून थेट गाडी जाते. मी दोन्हीकडे राहून आलोय, आणि माझा कल कुठे आहे ते वाचता वाचता कळेलच.

ब्लॅकपूलचा टॉवर १८९४ चा, म्हणजे आपल्या विषयाच्या आधीचा. त्याच्यापुढे फोटो काढून परत फिरू नका, आत जा. आतल्या बॉलरूममध्ये १९२९ साली वुर्लिट्झर ऑर्गन आला, १९३० पासून रेजिनाल्ड डिक्सन तो वाजवायला लागले आणि १९७० पर्यंत त्यांनी जागा सोडली नाही. आजही दुपारी ऑर्गन सुरू झाला की सत्तरीतली जोडपी चहाचे कप बाजूला सारून उठतात आणि असं काही नाचतात की बघणाऱ्याने खुर्चीतच अवघडून जावं. प्लेझर बीच या करमणूक-बागेतले १९२३ चा बिग डिपर आणि १९३५ चा ग्रँड नॅशनल हे लाकडी रोलर कोस्टर तर वस्तुसंग्रहालयात न जाता अजून पोटात गोळा आणतात. त्यांच्याजवळची वास्तुविशारद जोसेफ एम्बर्टन यांची १९३९ ची पांढरी गोल इमारत बघितली, की त्या काळाला 'आधुनिक' म्हणजे काय वाटत होतं ते न सांगता समजतं.

इथे यायचे ते मुख्यतः लँकेशायरच्या कापड गिरण्यांमधले लोक. प्रत्येक गिरणी-गावाचा आठवडा ठरलेला. त्या आठवड्यात अख्खं गाव बंद, आणि वर्षभर पै-पै साठवलेली पुंजी घेऊन सगळे शेजारीपाजारी एकाच किनाऱ्यावर. १९३० च्या दशकात वर्षाला सत्तर लाखांच्या आसपास माणसं येत. बहुतेकांची ही सुट्टी बिनपगारी असायची. पगारी सुट्टीचा कायदा १९३८ चा. या लोकांच्या कापडाचं मोठं गिऱ्हाईक होतो आपण. आपल्या गिरण्या, जपानी कापड आणि स्वदेशी यांनी मिळून त्यांचं काम घटवलं, आणि तरीही १९३१ च्या सप्टेंबरात गांधीजी लँकेशायरमधल्या डार्वेनला गेले तेव्हा गिरणीतल्या बायकांनी त्यांचं हसतमुखाने स्वागत केलं. बॉलरूममध्ये बसल्यावर मला हे आठवत राहिलं. १९३७ च्या सुमारास मास ऑब्झर्व्हेशन या, सामान्य माणसांच्या रोजच्या जगण्याच्या नोंदी करणाऱ्या संस्थेचे अभ्यासक बोल्टन या गिरणी-गावातल्या कामगारांच्या मागोमाग इथे आले होते. रात्री वाळूवर काय काय चालतं याच्याही नोंदी त्यांनी केल्या, पण अपेक्षेच्या मानाने फारसं काही हाती लागलं नाही.

इतकं सगळं असूनही ब्लॅकपूल माझ्या मनातून उतरलं, ते राहण्याच्या एका नियमामुळे. आम्ही उतरलो होतो ते घरगुती लॉज (नाव सांगण्यात अर्थ नाही, त्या गल्लीत सगळ्यांचं तसंच दिसलं) सकाळी दहाला बाहेर काढायचं आणि दुपारी तीनपर्यंत खोलीत पाऊल ठेवू द्यायचं नाही. बाहेर समुद्रावरून आडवा पाऊस. छत्री उघडली की उलटी. मग बसायचं कुठे? जिथे छप्पर, तिथे तिकीट. जिथे तिकीट नाही, तिथे नाण्यांची खेळयंत्रं एकाच वेळी वेगवेगळ्या सुरांत किंचाळतायत. तिसरी कॉफी पोटात गेल्यावर बायको म्हणाली, "इथे आरामाला यायचे म्हणतोस ना? हे तर ड्युटीवर आल्यासारखंय."

तिचं म्हणणं इतिहासाला धरूनच होतं. त्या काळच्या बोर्डिंग हाउसमधल्या घरमालकिणी जेवणाच्या वेळा सोडल्या तर पाहुण्यांना दिवसभर बाहेरच ठेवत, आणि काही जणी टेबलावरच्या मीठ-मिरपुडीचेही वेगळे पैसे लावत. बिली बटलिन हा जत्रेतला धंदेवाईक माणूस. वेल्समधल्या बॅरी आयलंडवर पावसात असंच घराबाहेर ताटकळणं त्याच्या नशिबी आलं आणि त्यातून सुट्टी-छावणीची कल्पना सुचली, असं तो सांगायचा. १९३६ साली त्याने स्केगनेसला पहिली छावणी उघडली: राहणं, जेवण, करमणूक एकाच पैशात, आणि पाऊस आला तर आत जायला जागा. तुमच्या मनात स्केगनेस हा तिसरा पर्याय असेल, तर मी तरी सुचवणार नाही. मँचेस्टरहून लांब पडतं, आणि मूळच्या खोल्यांपैकी जतन केलेली अशी एक आहे. तेवढ्यासाठी दिवस घालवणं जिवावर येतं.

आता एडेल. गंमत अशी, की इथेही दारं बंदच असायची. १९३० मध्ये इंग्लंडात यूथ होस्टेल चळवळ सुरू झाली तेव्हा रात्रीचा एक शिलिंग भाडं, सकाळी झाडलोट किंवा भांडी अशी काहीतरी कामगिरी, आणि मग दिवसभर वसतिगृहाला कुलूप. तरीही १९३९ पर्यंत तीनशेच्या आसपास वसतिगृहं आणि ऐंशी हजारांवर सभासद झाले. कारण उघड आहे. इथे येणाऱ्याला आत बसायचंच नसतं. आम्हाला पाऊस एडेललाही लागला, किंबहुना जास्तच लागला. पण अंगावर पाठपिशवी होती, पायात बूट होते आणि समोर वाट होती. चिडचिड कुठे झाली नाही.

चढ म्हणाल तर सिंहगड पायी चढणाऱ्याला अवघड नाही. एडेलच्या वरचं किंडर स्काउटचं पठार ६३६ मीटर उंचीवर आहे आणि जेकब्ज लॅडरची वाट दगडी पायऱ्यांची आहे. त्रास वर गेल्यावर. काळी चिखलट पीटची, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याची जमीन, आणि धुकं उतरलं तर चार हातांवरचं दिसत नाही.

याच पठारावर पूर्वी लोकांना पाऊल ठेवायला बंदी होती. सरदार-उमरावांच्या ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेला मुलूख तो. २४ एप्रिल १९३२ च्या रविवारी पठाराच्या पलीकडच्या हेफील्ड गावाहून सुमारे चारशे तरुण मुद्दाम हद्द मोडून वर चढले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन वीस वर्षांचा होता. शेफील्डची एक तुकडी एडेलच्या बाजूने येऊन त्यांना मिळाली. राखणदारांशी झटापट झाली आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. पायी भटकणाऱ्यांच्या अधिकृत संघटनांना हा प्रकार अजिबात रुचला नव्हता, आणि त्याने नेमकं किती साधलं यावर अजून वाद आहेत. पण १९५१ मध्ये देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं ते याच पीक डिस्ट्रिक्टचं, आणि २००२ मध्ये, ज्यांच्या घराण्याची ती जमीन होती त्या तेव्हाच्या ड्यूक ऑफ डेव्हनशरनी आजोबांच्या काळातल्या त्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली.

बघण्यासारखं एडेलमध्ये फार काही नाही, हे मान्य करायला हवं. गाव चिमुकलं, आणि स्मरणफलक आहे तो पलीकडे हेफील्डजवळच्या बाउडन ब्रिज खाणीत. ब्लॅकपूलमध्ये तो काळ इमारतींत उभा आहे, तसा इथे नाही. पण ब्लॅकपूलला मी त्या काळच्या सुट्टीचा प्रेक्षक होतो. इथे तेव्हाचे लोक करायचे तेच करत होतो. माझ्यापुरता निकाल तिथे लागला.

तुमचा निराळा लागू शकतो. सोबत गुडघे दुखणारे आईवडील असतील, किंवा दहा वर्षांखालची मुलं, तर ब्लॅकपूललाच जा, आणि जमलं तर सप्टेंबरनंतर. उन्हाळा सरल्यावरही गर्दी टिकावी म्हणून किनाऱ्यावर रोषणाई करतात. ती १९१२ ची कल्पना, युद्धाने बंद पडलेली, १९२५ ला पुन्हा सुरू झाली. मुक्काम मात्र शक्यतो करू नका. रोषणाई बघून रात्रीच्या गाडीने परत या. शाकाहारी असाल तर चिप्स घेण्याआधी तेल की चरबी ते विचारा, उत्तरेकडे पुष्कळ दुकानांत गोमांसाच्या चरबीत तळतात.

बाकीच्यांनी एडेलची सकाळची गाडी पकडावी, जेकब्ज लॅडरने चढून हेफील्डला उतरावं आणि तिथून बसने परतावं. डबा घरून न्या, आणि मोज्यांचा एक जोड जास्तीचा ठेवा.