अटॅकनंतर दम लागतोय: टिकाग्रेलॉरमुळं का बीटा ब्लॉकरमुळं?

अँजिओप्लास्टी होऊन घरी आलेल्या माणसाचं ठरलेलं वाक्य म्हणजे "गोळ्या चालू झाल्यापासून लई दम लागायलाय", आणि मग घरातले सगळे मिळून कुठली गोळी बंद करायची याची मीटिंग घेतात. बंद कुठलीच करायची नाही. स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) टाकलाय, टिकाग्रेलॉरसारखी रक्त पातळ करायची गोळी परस्पर थांबवली तर स्टेंटमधे गुठळी होऊ शकते, आणि बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके आवरणारी गोळी, एकदम सोडली तर छातीत परत दुखायला लागू शकतं. पण डॉक्टरांना बदलून मागायची तर कोणती, हे ठरवायला दम नेमका कधी लागतो ते बघा.

टिकाग्रेलॉरचा दम चालण्यावर फारसा अवलंबून नसतो. खुर्चीत पेपर वाचत बसलंय तरी मधेच वाटतं श्वास पुरंना, एक खोल श्वास घ्यावा लागतो, आणि थोड्या वेळानं आपोआप बरं वाटतं. फुफ्फुसं बिघडलेली नसतात, तपासलं तर नॉर्मल निघतात. 2009 च्या प्लेटो ट्रायलमधे टिकाग्रेलॉरवाल्यांपैकी 13.8 टक्के लोकांना असा त्रास झाला, क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करायच्याच दुसऱ्या, साध्या गोळीवाल्यांपैकी 7.8 टक्के, म्हणजे तिच्यावर पण होतोच. बऱ्याच जणांचा सुरुवातीचे काही दिवस किंवा आठवडे राहून जातो, त्यामुळं लगेच बदला म्हणून मागं लागू नका, कारण त्याच ट्रायलमधे परत अटॅक, स्ट्रोक किंवा हृदयविकारानं मृत्यू हे सगळं धरून टिकाग्रेलॉरवर 9.8 टक्के आणि क्लोपिडोग्रेलवर 11.7 टक्के होतं. क्लोपिडोग्रेल दिवसातून एकदाच घ्यायची आणि स्वस्त, हे खरं, पण काही लोकांच्या शरीरात ती नीट कामालाच लागत नाही.

बीटा ब्लॉकरचं उलटं. बसलं की काही नाही, चढ आला की पाय जड. आमचे मामा संभाजीनगरला गोगाबाबा टेकडीवर जातात, अटॅकनंतर डॉक्टरांनी हो म्हटल्यावर परत जायला लागले तर अर्ध्यातच थांबायचे, घड्याळ दाखवायचे आणि म्हणायचे "ठोके तर वाढलेच न्हाईत, मग दम काहून लागायलाय?" अहो ठोके वाढत नाहीत म्हणूनच लागतो की. एसटीला स्पीड लॉक लावल्यावर घाटात जे होतं तेच. म्हणून व्यायामात ठोके किती जावेत याचं ते 220 वजा वय वालं गणित या गोळीवर धरायचंच नाही, चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे एवढंच माप ठेवा, सुरुवातीची पाच-दहा मिनिटं हळू चाला. शरीराला सवय व्हायला काही आठवडे लागतात.

बीटा ब्लॉकर गोळ्यांमधे पण आपसात फरक आहे. दमा असेल तर कार्व्हेडिलॉल नकोच, ती श्वासनळ्यांवर पण काम करते. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल मुख्यतः हृदयावर, त्यातही बिसोप्रोलॉल जास्त नेमकी, पण डोस वाढला की हा फरक कमी होतो, आणि दमेकऱ्यानं या पण डॉक्टरांना विचारूनच घ्यायच्या. मला विचाराल तर दमा नसेल आणि फक्त चढावर त्रास असेल तर आधी डोस कमी होतो का ते विचारा, गोळी बदलायचं नंतर.

रॅमिप्रिल ही बीपीची गोळी अटॅकनंतर पण देतात, तिनं कोरडा खोकला होऊ शकतो, लोक त्याला पण दमच म्हणतात. त्यावर टेल्मिसार्टनसारखी दुसरी गोळी मिळते, विषय संपला.

आडवं झाल्यावर दम, रात्री गुदमरून जाग येणं, पाय सुजणं, दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणं, हे गोळीवर ढकलू नका, हृदयाचा पंप कमजोर झाल्याची लक्षणं असू शकतात, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि छातीत दुखून दम लागला तर सरळ 108 ला फोन.

फॉलोअपला जाताना टूडी इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) कागद सोबत न्या. 2024 च्या रिड्यूस-एएमआय ट्रायलमधे इकोतलं हृदयाचं पंपिंग (EF) 50 टक्के किंवा जास्त असलेल्यांना बीटा ब्लॉकरनं मृत्यू किंवा परत अटॅक यात फायदा दिसला नाही, 2025 ला आलेल्या ट्रायलचे निकाल मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. त्यामुळं पंपिंग चांगलं असेल तर "साहेब, ही गोळी मला किती दिवस?" असं सरळ विचारा, पंपिंग कमी असेल तर मात्र ती गोळी लागतेच, तिथं डोसचंच बोलायचं.