कमी कापणारे, पण नेमके कापणारे: सोसायटीतील वृक्षछाटणी सेवेचा अनुभव

पुण्यातील कोथरूड भागातल्या आमच्या सोसायटीत पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, सोनमोहर, आंबा आणि एक उंबर अशी जुनी, मोठी झाडे आहेत. या वर्षी त्यांच्या छाटणीचे काम नेहमीच्या ठेकेदाराऐवजी दोराच्या साहाय्याने झाडावर चढून शास्त्रोक्त छाटणी करणाऱ्या एका प्रशिक्षित पथकाकडे सोपवले. ते काम कसे झाले आणि कुठे उणे पडले, हे इतर सोसायट्यांना, बंगलेवाल्यांना व दुकानदारांना ठरवायला उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात दरापासूनच करतो, कारण बाकीचे बरेच काही त्यावरच अवलंबून असते. आमचा पूर्वीचा ठेकेदार मजुरी नाममात्र घेई आणि कापलेले लाकूड स्वतः घेऊन जाई. कार्यकारिणीला हा व्यवहार फायद्याचा वाटे. परंतु ज्याची कमाई वखारीत पोहोचणाऱ्या लाकडावर ठरते, तो वाळक्या काटक्यांकडे कशाला लक्ष देईल? परिणामी धोकादायक वाळक्या फांद्या उंचावर तशाच राहत आणि निरोगी, जाड फांद्या मात्र बुंध्यापासून जात. नव्या पथकाने झाडाची उंची, पर्णसंभाराचा विस्तार आणि जवळून जाणाऱ्या विजेच्या तारा पाहून प्रत्येक झाडाचा दर वेगळा सांगितला आणि निघणारे लाकूड सोसायटीचेच राहील, असे दरपत्रकातच लिहून दिले. एकूण खर्च पूर्वीच्या तुलनेत जवळपास तिप्पट झाला, तरीही जास्त कापण्यात ज्याचा लाभ नाही अशा माणसाकडून काम करून घेण्याची ही किंमत मला पूर्णपणे रास्त वाटते.

पथकाच्या प्रमुखांनी करवत आणण्यापूर्वी केलेली पाहणी हा या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग होता. प्रत्येक खोडावर लाकडी हातोडीने ठोकून कुठे पोकळ आवाज येतो ते त्यांनी पाहिले, बुंध्याशी वाळवी किंवा बुरशीची छत्रे आहेत का हे तपासले आणि दोन जाड फांद्या जिथे अरुंद कोनात एकमेकींना चिकटून वाढतात व मधली साल आत दबून राहते, त्या जागा खुणा करून दाखवल्या. अशा बेचक्याच वादळात प्रथम चिरफळतात. एका गुलमोहराच्या बुंध्याशी बुरशी आढळली, तेव्हा ‘मुळे कुजत असतील तर वरच्या फांद्या छाटून हे झाड सुरक्षित होणार नाही, ते वृक्ष अधिकाऱ्यांनाच दाखवा,’ असे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि त्या झाडाचे काम दरपत्रकातून वगळले. स्वतःचे उत्पन्न कमी करणारा हा सल्ला होता, हे मी मुद्दाम नोंदवतो.

सोनमोहराचे शेंडे सरसकट उडवून झाड बुटके करावे, अशी काही सभासदांची आग्रहाची मागणी होती. पथकाने तिला ठाम नकार दिला आणि कारणही समजावले. शेंडा उडवलेले झाड उपासमारीतून वाचण्यासाठी कापलेल्या तोंडाशी भराभर फुटवे काढते. हे फुटवे आतल्या लाकडात रुजलेले नसतात, केवळ वरच्या थरांना धरून असतात, त्यामुळे काही वर्षांत ते जाड झाले की त्याच जागी मोडून पडतात. खालचे जखमी लाकूड तोवर कुजू लागलेले असते. म्हणजे ज्या भीतीपोटी झाड बोडके केले, तीच भीती दुपटीने परत येते. त्याऐवजी त्यांनी वाळक्या, घासणाऱ्या आणि गच्चीवर आलेल्या फांद्या काढल्या व जिवंत पर्णसंभाराचा चौथा हिस्साही एका वेळी जाऊ दिला नाही.

प्रत्यक्ष काप पाहण्यासारखा होता. जाड फांदी एका दमात वरून कापली, तर ती स्वतःच्या वजनाने खाली येताना बुंध्याची साल ओरबाडून नेते. हे टाळण्यासाठी प्रथम बुंध्यापासून साधारण फूटभर अंतरावर खालच्या बाजूने अर्धवट काप, मग त्याच्या थोडे पुढे वरून काप, आणि फांदी दोराने अलगद उतरवल्यावर उरलेल्या खुंटाचा शेवटचा काप, असा त्यांचा क्रम होता. हा शेवटचा काप बुंध्याला लागून नव्हता आणि खुंट लांब राहील असाही नव्हता; फांदी जिथे बुंध्यातून निघते तिथल्या फुगीर कड्याच्या किंचित बाहेर तो घेतला होता. अमेरिकी वनसेवेतील संशोधक अॅलेक्स शायगो यांनी असंख्य खोडे उभी चिरून दाखवून दिले होते की झाड जखम भरून काढत नाही, तर तिच्याभोवती भिंती उभारून कूज आतच अडवते. आणि ही क्षमता त्या कड्यात असते. जखमेवर रंग किंवा डांबर फासल्याने कूज थांबत नाही, हेही त्यांच्याच कामातून पुढे आले. आमच्या पथकाने कुठेही रंग लावला नाही. चढताना काट्यांचे बूटही वापरले नाहीत, कारण त्यांचा प्रत्येक टोचा जिवंत सालीला जखम करतो. प्रत्येक माणसाला हेल्मेट, कंबरपट्टा आणि अपघात विमा होता. विम्याची कागदपत्रे आम्ही मागताच मिळाली.

परवानगीबाबत बऱ्याच सोसायट्या गाफील असतात. ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975’ हा कायदा झाड समूळ तोडण्यापुरता नाही. झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणेही त्याच्या कक्षेत येते, त्यामुळे खासगी आवारातील छाटणीसाठीही महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. अर्ज सोसायटीने केला. पथकाने झाडनिहाय छायाचित्रे आणि कोणती फांदी का काढायची याची टिपणे दिली. तारांलगतच्या फांद्यांसाठी महावितरणकडून वीजपुरवठा बंद करून घेतल्याशिवाय त्यांनी करवत चालवली नाही.

काम हिवाळ्याच्या शेवटी उरकण्याचा त्यांचा आग्रह होता, कारण पावसाळ्याच्या तोंडावर कावळ्यांची घरटी असतात आणि तेव्हाच शहरभर घाईने छाटणी सुरू होते. आंब्याला त्यांनी तेव्हा हातच लावला नाही. मोहर डहाळ्यांच्या टोकांना येतो, त्यामुळे त्याची विरळणी फळे उतरवल्यानंतरच करायची, असे ठरले. त्या वेळी मोठ्या कापांवर बागायतदारांच्या रीतीने बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद व चुन्याचा बुरशीनाशक लेप, लावणार आहेत. उंबराच्या पारावर रोज दिवा लागतो, त्याची केवळ एक वाळकी फांदी काढली.

रस्त्याकडेच्या दुकानदारांची तक्रार पाटी झाकली जाते ही होती. पर्जन्यवृक्षाच्या खालच्या चार-दोन डहाळ्या काढून पर्णसंभार थोडा वर उचलल्यावर पाटी दिसू लागली आणि दुकानापुढची सावलीही टिकली.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. कापलेला माल उचलून नेण्याचा खर्च दरपत्रकात वेगळा दाखवलेला नव्हता आणि तो शेवटी पुढे आला. वाद झाला, तोडगा निघाला, पण हे आधीच लिहायला हवे होते. गाड्या हलवण्याची सूचना रहिवाशांना ऐन सकाळी मिळाली. डहाळ्यांचा भुगा करणारे यंत्र भर दुपारी चालवल्याने ज्येष्ठांना त्रास झाला, जरी तो भुगा बागेत आच्छादन म्हणून उत्तम कामी आला. सर्वांत खटकले ते हे, की अखेरचा अहवाल केवळ इंग्रजीत होता. ज्या सभासदांना झाडांची सर्वाधिक काळजी आहे, त्यांतील अनेकांना तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला.

बंगल्यातील एखाद्या लहान झाडासाठी अशा पथकाचे किमान शुल्क जड वाटेल. जमिनीवर उभे राहून हात पोहोचतो अशा फांद्यांना धारदार कात्री आणि जाणता माळी पुरेसा आहे. पण जिथे चढावे लागते, जिथे खाली वर्दळ, छप्पर किंवा तारा आहेत, तिथे अशाच प्रशिक्षित लोकांना बोलवावे. कोणालाही काम देण्यापूर्वी लाकूड कोणाचे राहणार, वाहतूक दरात धरली आहे का आणि मजुरांचा विमा आहे का, हे लेखी मागून घ्यावे. आंब्यासाठी आमच्या कार्यकारिणीने याच पथकाला पुन्हा बोलावण्याचा ठराव केला आहे, मात्र या वेळी अहवाल मराठीत हवा, ही अट त्यात लिहिली आहे.