बाराटांगची एक दिवसाची सहल: चिखलाला पाच तारे, एजंटाला दोन

माझा धंदा बोअर मारायचा. जमिनीतून गाळ उसळताना रोजच बघतो, त्यामुळे अंदमानात उतरल्यावर बायकोला म्हटलं, किनारे राहू देत, आधी बाराटांग बेटावरचा चिखल ज्वालामुखी. श्री विजयपुरम, म्हणजे जुन्या पोर्ट ब्लेअरच्या एका एजंटाकडून सहल घेतली.

वाट जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जाते, तिथे गाड्या जिरकाटांगहून ताफ्यानेच सुटतात. वाटेत थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. ड्रायव्हरने हे कडक पाळलं, ते आवडलं. खारफुटीतली होडी आणि चुनखडीच्या गुहाही झकास.

घोळ झाला तो चिखल ज्वालामुखीवर. गाईड म्हणाला, "खाली लाव्हा उकळतोय." काहीतरीच! कुंपणाबाहेर आलेल्या ओघळाला मी हात लावला, गार होता. लाव्हाचा ज्वालामुखी बघायचा तर तो पूर्वेला समुद्रात, बॅरन बेटावर. इथली गोष्ट वेगळी. भारतीय प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा एक मोठा तुकडा, शेजारच्या बर्मा प्लेटखाली सरकताना समुद्रतळाचा गाळ खरवडून थरांवर थर चेपले गेलेत. चिकणमातीत कोंडलेल्या पाण्याला वाट नाही, त्यात मिथेन वायू. दाब वाढला की भेग धरून सगळं वर. बोअर साफ करताना कॉम्प्रेसरची हवा जे काम करते, तेच इथे मिथेन करतो. चिखलात दगडांचे बारके तुकडेही होते. बोअरची चुरी बघून खाली काय लागलं ते आम्ही ओळखतो; हे तुकडेही तसेच खालच्या थरांचे नमुने. गाईडला दाखवले, तो मोबाइलमध्ये गुंग.

आमच्यातले एक काका "एवढंच?" म्हणून परतले. त्यांचाही दोष नाही, जाहिरातीत आगीचे फोटो होते. 2004 च्या मोठ्या भूकंपानंतर हाच चिखल जोरात उसळला होता, एवढं जरी सांगितलं असतं तरी ते थांबले असते.

आम्हाला मिळाली मोजून 10 मिनिटं. जाणार असाल तर अर्धा तास आधीच कबूल करून घ्या, आणि जुन्या चपला घाला. एका तोंडाशी मोठा बुडबुडा फुगायचा, फुटायचा, मग बराच वेळ सामसूम. मी घड्याळ लावून बसलो होतो. तिसरा फुगत होता आणि खालून हॉर्न वाजला.