मेकर-चेकर की इंटर्नल ऑडिट?
मोठ्या कंपनीत पैशांच्या व्यवहारातली चूक पकडायला जास्त भरवसा कशावर, मेकर-चेकरवर की इंटर्नल ऑडिटवर (कंपनीने स्वतःच करून घेतलेली तपासणी), तर माझं मत मेकर-चेकरलाच. एकाने एंट्री टाकायची, दुसऱ्याने बिल, पीओ (खरेदीची ऑर्डर) आणि मालाची पावती जुळवून मगच अप्रूव्ह करायचं, म्हणजे पैसे जायच्या आधीच चूक सापडते, ऑडिटवाले येईपर्यंत तर पैसे गेलेले असतात. पण चेकरने महिनाअखेरच्या घाईत बिल न उघडताच क्लिक केलं किंवा पासवर्ड शेजारच्याला देऊन ठेवला, तर सगळं मुसळ केरात.

आपल्या मुंबईच्या फोर्टातल्या ब्रॅडी हाऊस शाखेचा २०१८ ला उघड झालेला पीएनबी (पंजाब नॅशनल बँक) घोटाळा बघा, स्विफ्ट (बँकांनी एकमेकींना संदेश पाठवायची यंत्रणा) कोअर बँकिंगला (बँकेच्या मुख्य हिशोबाच्या सिस्टीमला) जोडलेलंच नव्हतं, त्यामुळे हमीपत्रं गेली तरी सिस्टीममध्ये नोंदच नाही! अशी फट हुडकायला मात्र ऑडिटच लागतं, कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३८ ने ठरावीक कंपन्यांना ते सक्तीचंच केलंय.