इमॅजिका की वंडरला: गोव्यातून दोघी मैत्रिणी तीन दिवस निघणार असाल तर

आधी उत्तर सांगून टाकते, मग ज्यांना वेळ आहे त्यांनी पुढचं पाल्हाळ वाचा. दोघींपैकी एक जरी उंच राइड्सना घाबरणारी असेल आणि पार्कातच दोन दिवस काढायचे असतील तर खोपोलीचं इमॅजिका. दोघीही धांगडधिंगा करणाऱ्या असाल, एका दिवसात पार्क उरकून बाकीचे दिवस शहरात भटकायचंय, तर बंगळूरचं वंडरला. आणि फक्त पाण्याच्या घसरगुंड्यांसाठी जीव कासावीस होत असेल तर हणजुण्याला स्प्लॅशडाऊन आहे, सकाळी जा, संध्याकाळी घरी या, गाडीभाडं वाचेल.

आता आम्ही कोण ते सांगते म्हणजे माझं मत कुठल्या चष्म्यातून येतंय ते कळेल. मी डिचोलीची, मैत्रीण फोंड्याची, कॉलेजपासून एकत्र, दोघी नोकरीवाल्या, रजा मोजून मिळते. मी कशावरही बसते. ती चोर्ला घाटातसुद्धा हातात लिंबू धरून बसणारी, फेस्तातल्या पाळण्यात एकदा बसली होती तर उतरल्यावर तासभर बोलली नव्हती. अशी जोडी. वंडरला केलं मे महिन्यात आणि इमॅजिका त्याच वर्षी दिवाळीनंतर. घरी सांगितलं तेव्हा आईचं दोन्ही वेळेला एकच, "दर्या दाराशी असताना पाण्यात खेळायला एवढ्या लांब कशाला मरायला जाताय गो?" उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं.

प्रवासापासून सुरुवात करते कारण गोव्यातून जाणाऱ्यांचा अर्धा निर्णय तिथेच होतो. इमॅजिकासाठी पनवेलला उतरायचं. आम्ही थिवीहून संध्याकाळची कोकणकन्या धरली, ती पहाटे अंधारातच पनवेलला सोडते. मांडवीने गेलात तर दिवसाचा प्रवास, खाणंपिणं मजेत, पण पोचायला संध्याकाळ होते म्हणजे एक दिवस गाडीतच गेला. वंदे भारत दुपारी निघते, रात्री पनवेल, तिकीट महाग पण पाठ शाबूत राहते. पनवेलहून पुढे टॅक्सी, पार्क खोपोली-पाली रस्त्यावर आहे. मडगाव किंवा पणजीहून स्लीपर बसने जाणारे पण खूप आहेत, पण मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण 2011 पासून चाललंय आणि त्या रस्त्यावर वरच्या बर्थवर झोपलात तर रोलर कोस्टरचा सराव फुकटात होतो, एवढंच सांगते. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, पूर्वीचे 120 विसरा, मे आणि चतुर्थीच्या आसपासच्या तारखा असतील तर त्याच सकाळी बसा मोबाईल घेऊन.

पहाटे पनवेलला उतरून करायचं काय, पार्क उघडायला अजून कितीतरी तास, हा प्रश्न आम्हालाही पडला होता. तर बघा, खोपोलीजवळ महड आहे, वरदविनायकाचं (चवदार तळ्याचं महाड ते वेगळं, टॅक्सीवाल्याला नीट सांगा), आणि पार्कच्याच रस्त्याने पुढे गेलं की पालीचा बल्लाळेश्वर. अष्टविनायकातले दोन एकाच फेरीत. आम्ही सकाळी महड केलं, गर्दी नव्हती, दर्शन पाच मिनिटांत, मग बाहेर गरम चहा आणि वडापाव. पाली ठेवली परतीच्या दिवशी. आईला घरी फोन करून सांगितलं की आम्ही देवळात आहोत, ती इतकी खूश की पार्कचा विषयच निघाला नाही. घरून परवानगी काढायची असेल तर हा मुद्दा वंडरलाकडे नाही, सरळ सांगते.

बंगळूरला वास्को-यशवंतपूर गाडी आहे, रात्रीची, म्हणजे दूधसागर अंधारात निघून जातो आणि उतरेपर्यंत दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आलेलं असतं. त्या दिवशी पार्क धरू नका, दमछाक होते आणि तिकिटाचे पैसे अर्धे वाया. विमान दाबोळीहूनही आहे आणि मोपाहूनही, हवेत सव्वा-दीड तास, सेल लागला तर रेल्वेच्या एसीच्या जवळपास पडतं. आम्ही जाताना बसने गेलो, कुठली ते सांगत नाही, बेळगावच्या पुढे तीन तास एका धाब्यावर बस उभी होती आणि ड्रायव्हर-कंडक्टर दोघेही "दस मिनट" म्हणत होते. येताना गुपचूप विमान. शहरातून पार्कला जाणं मात्र आता सोपं झालंय, मेट्रोची पर्पल लाइन चल्लघट्टापर्यंत गेलीय 2023 मध्ये, यशवंतपूरहून ग्रीन लाइनने मॅजेस्टिक, तिथे बदलायची, शेवटच्या स्टेशनापर्यंत बसून राहायचं, पुढे म्हैसूर रोडने ऑटो नाहीतर बिडदीकडे जाणारी बस. ऑटोवाल्याशी आधीच भाव ठरवा, हिंदीत बोललं तरी चालतं.

आता मूळ फरक. वंडरलात एकच तिकीट, त्यातच कोरड्या राइड्स आणि पाण्यातल्या राइड्स, दोन्ही एकाच कुंपणात. म्हणून सकाळी उघडल्या उघडल्या कोरड्या संपवायच्या, दुपारी पाण्यात उतरायचं, संध्याकाळी केस पुसत बाहेर. एक दिवस पुरतो, दुसरा दिवस ठेवलात तर त्याच त्याच राइड्स पुन्हा. इमॅजिकात थीम पार्क वेगळं, वॉटर पार्क वेगळं, स्नो पार्क वेगळं, तिकिटंही वेगवेगळी, एकत्र घेतलं तर थोडं कमी. थीम पार्क 2013 मध्ये उघडलं, वॉटर पार्क त्याच्या पुढच्या वर्षी. दोन दिवस खरंच लागतात, पण खिशातून जातातही दोन दिवसांचे. दोन्हीकडे वारावर भाव ठरतो, शनिवार-रविवार आणि सुट्टीला जास्त. नोकरीवाल्यांना कठीण पण मधल्या वारी रजा टाका, पैसे वाचतात ते वाचतात, रांगा आखूड असतात. आम्ही मंगळवारी संध्याकाळी निघालो आणि शुक्रवारी सकाळी थिवीला परत, डोळे सुजलेले पण शनिवार-रविवार झोपायला मोकळे.

राइड्सचं सांगायचं तर इमॅजिकाची निट्रो ही एकटी एका बाजूला. उंची 40 मीटर, ताशी 105 किलोमीटर, पाच ठिकाणी माणूस उलटा होतो, आणि सीटखाली फरशीच नाही, पाय लोंबकळतात. रांगेत उभं असताना डोक्यावरून डबे जातात तेव्हा आधी घरघर ऐकू येते, मग किंकाळ्या, आणि त्या दोन्हीच्या मधे एक क्षणभर काहीच नाही. तो शांत क्षण सगळ्यात वाईट. माझ्या पुढे एक बाप्ये होते, पन्नाशीचे असतील, चष्मा काढून खिशात, खिशाची चेन लावली, परत उघडून बघितलं चष्मा आहे का, परत लावली, असं चार वेळा. मी हसले आणि मग लक्षात आलं की मी पण कानातले चाचपतेय. मैत्रीण खालून "तू जा गो, मी बॅग सांभाळते" म्हणून मोकळी.

पण मुद्दा हा की त्यानंतर तिच्यासाठीही तिथे भरपूर होतं. सलीमगड म्हणून भुताटकीची राइड आहे, गाडीतून अंधारात फिरायचं, जोरात पडणं-उलटणं नाही. अलीबाबाच्या राइडमध्ये हातात बंदूक देतात, नेम धरायचा, गुण मोजले जातात, त्यात तिने मला दणकून हरवलं आणि ते ती अजून सगळ्यांना सांगते. आय फॉर इंडिया म्हणजे पाय अधांतरी ठेवून बसायचं आणि समोरच्या अवाढव्य पडद्यावर देश वरून बघायचा, इथे ती चक्क लिंबू विसरली. म्हणजे घाबरणारीचा दिवस बाकावर जात नाही. राजासॉरसच्या बोटीत मात्र दोघी भिजलो, कपड्यांची दुसरी जोडी लॉकरमध्ये असू द्या.

वंडरलातलं रिकॉइल वेगळ्या जातीचं. पुढे जाताना उलटंपालटं करतं, शेवटाला थांबतं, वाटतं सुटलो, आणि मग तोच सगळा रस्ता मागे मागे नेतं. पाठीमागे काय येतंय दिसत नाही ना, ती भीती निट्रोपेक्षा वेगळी, मला तरी तीच जास्त लागली. थरारवाल्यांना वंडरलात करण्यासारखं खूप आहे, पण कोरड्या भागातल्या बऱ्याच राइड्स गरगर फिरवणाऱ्या, त्यामुळे सकाळचा वेळ मैत्रिणीने बऱ्यापैकी सावलीत बसून काढला. दुपारी पाण्यात उतरल्यावर मात्र तिचा अवतार बदलला. वेव्ह पूलमध्ये भोंगा वाजतो, सगळे एकदम ओरडायला लागतात आणि मग लाटा येतात, आणि ही फोंड्याची बाय कंबरेएवढ्या पाण्यात उभी राहून आजूबाजूच्या मुलींना सांगतेय की लाट आली की पाठ करायची, हरमलला आम्ही असंच करतो. तासाभरात तिच्याभोवती पाच-सहाजणी. रेन डान्सला मला ओढत तिनेच नेलं. म्हणजे पोटाचा त्रास असलेली पण पाण्यातली मासळी असेल तर वंडरलाही चालून जाईल, अर्धा दिवस तिचा, अर्धा तुमचा.

हवेचं बघा. मे महिन्यात खोपोली म्हणजे आपल्या फोंड्यासारखंच, घामाच्या धारा, फक्त वाऱ्याशिवाय. बंगळूर नऊशे मीटरवर, त्याच मे महिन्यात संध्याकाळी अंगावर ओढणी घ्यावीशी वाटते. उलट डिसेंबर-जानेवारीत बंगळूरला पाण्यात उतरायचं म्हणजे दात वाजतात, तेव्हा खोपोली छान. पावसाळ्यात इमॅजिकाच्या मागचे डोंगर हिरवेगार, धबधबे, फोटो एक नंबर येतील, पण जोराच्या पावसात आणि विजा चमकताना मोठ्या राइड्स थांबवतात, तिकीट काढून आडोशाला उभं राहण्याची तयारी हवी. शिवाय पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वे हळू चालते. पाऊस बघायचाच तर आपल्याकडे काय कमी पडतो?

राहायचं दोन्हीकडे पार्कला लागून सोय आहे, इमॅजिकाजवळ नोव्होटेल, वंडरलाचं स्वतःचं रिसॉर्ट. दमून बाहेर पडल्यावर चालत खोलीवर जाणं हे सुख काय असतं ते पाय दुखल्यावरच कळतं. आम्ही पैसे वाचवायला गावातल्या एका लॉजवर राहिलो होतो, नाव नको, गरम पाणी सकाळी सहा ते सात एवढंच, आणि आम्ही सहा ते सात झोपलेलो. दोघीत खोली वाटून घेणार असाल तर एक रात्र तरी जवळच काढा, तीही पार्काच्या दिवसानंतरची, आधीची नको.

कपड्यांवरून गेटवर रडारड होते म्हणून सांगते, पाण्याच्या भागात सुती कपडे, जीन्स, साडी, ओढणी चालत नाही, नायलॉन किंवा लायक्राचं हवं. पार्कात विकत मिळतं पण घरूनच घ्या. फुल हाताचे, गुडघ्याखालचे स्विमसूट सगळीकडे मिळतात आता, ज्यांना संकोच वाटतो त्यांनी तेच घ्यावेत, आम्ही तेच घातले. मोबाईलसाठी प्लॅस्टिकचं पाऊच मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून घेतलं होतं, स्वस्तात, आणि पहिल्या घसरगुंडीला मोबाईल त्यात पोहत होता. आधी कागदाचा तुकडा घालून बादलीत बुडवून बघा. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, आतलं महाग, त्यामुळे सकाळी भरपूर खाऊन जा. या बाबतीत बंगळूरला तोड नाही, बिडदीची तट्टे इडली प्रसिद्ध, ताटलीएवढी मोठी आणि कापसासारखी मऊ, दोन खाल्ल्या की संध्याकाळपर्यंत भूक नाही. खाल्ल्यावर लगेच रिकॉइलला मात्र पळू नका.

उरलेल्या दिवसाचं काय, तर वंडरलाहून त्याच रस्त्याने पुढे म्हैसूर, वाटेत मद्दूरचा वडा, आणि रविवार धरून गेलात तर संध्याकाळी राजवाड्यावरचे दिवे लागलेले बघता येतात. हे सगळं जमवलं तर तीन दिवसांचा प्लॅन इमॅजिकापेक्षा भरगच्च होतो, हे मान्यच करते. इमॅजिकाच्या बाजूने लोणावळा आहे, पण आपण गोव्याचे, धुकं आणि चिक्की यासाठी वेगळा दिवस घालवण्यात मला तरी राम वाटला नाही.

मधेच कोणीतरी हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीचं नाव काढतं. जागा जबरदस्त, सिनेमांचे सेट, बसमधून फिरवतात, आईवडिलांना न्यायला उत्तम. पण राइड्ससाठी जायचं ठिकाण ते नव्हे.

आम्ही पुढच्या वेळेला कुठे असं विचाराल तर वाद चालू आहे. मला रिकॉइल परत करायचंय, तिला अलीबाबाच्या बंदुकीने मला दुसऱ्यांदा हरवायचंय. सध्या ती जिंकतेय कारण कोकणकन्येची खालची दोन बर्थ तिने काढून ठेवली आहेत आणि मला आज सकाळी कळवलंय.